सफ्रानबोलू कसं बघावं: दोन रात्रींचा मुक्काम, जुनी घरं आणि खऱ्या केशराची पारख

तुर्कस्तानात, अंकाराच्या उत्तरेला, काराबुक प्रांतात सफ्रानबोलू वसलंय. नावातच केशर आहे. ‘सफ्रान’ म्हणजे आपलं जाफरान. 1994 साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा यादीत घेतलं आणि तेव्हापासून अंकाराहून सहलीच्या बसगाड्या सुरू झाल्या. त्यातले बहुतेक लोक अकराच्या सुमारास उतरतात, बाजारात एक फेरी मारतात, लोकुम या तुर्की मिठाईचा डबा घेतात आणि चारला परत बसतात. हे गाव बघायची ही सगळ्यात वाईट पद्धत. दुपारी बाजार गर्दीने भरलेला असतो, आणि गावाची खरी गंमत, म्हणजे घरं, बाहेरून कळतच नाहीत. इथे निदान दोन रात्री राहायला हवं.

आधी गावाची रचना समजून घ्या, मग सगळं सोपं होतं. सफ्रानबोलूचे तीन भाग आहेत. पहिला चार्शी, म्हणजे बाजार. तो दोन-तीन ओढ्यांनी कापलेल्या खोल घळीत आहे. घळीत वारा लागत नाही, म्हणून थंडीत लोक इथे राहायचे. दुसरा बाऽलार, म्हणजे मळे. तो उंचावर, मोकळा, झाडांनी भरलेला. उन्हाळा सुरू झाला की सधन कुटुंबं बिऱ्हाड उचलून तिकडच्या घरी जायची आणि थंडीच्या तोंडावर खाली उतरायची. ऐपतीच्या माणसाची घरं दोन, एक खाली आणि एक वर. तिसरा भाग किरानकॉय, या दोन्हींच्या मधला. तिथे पूर्वी ग्रीक ऑर्थोडॉक्स वस्ती होती. 1923 च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारानंतर ती ग्रीसला गेली. आता बँका, दुकानं, बस कंपन्यांच्या कचेऱ्या हे सगळं तिथे आहे.

पोचताना होणारा पहिला घोळ याच रचनेमुळे होतो. अंकाराच्या आश्ती बसस्थानकावरून साधारण तीन तास, इस्तंबूलहून सहा ते सात. तिकीट काढताना गाडी सफ्रानबोलूपर्यंत जाते की काराबुकलाच थांबते, हे विचारून घ्या. काराबुकला उतरवलं तरी अडचण नाही. तिथून दोल्मुश, म्हणजे आपल्या वडाप जीपच्या जातीची पण ठरलेल्या मार्गाची मिनीबस मिळते आणि अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पण तीही बहुधा किरानकॉयला सोडते. आजूबाजूला सिमेंटच्या इमारती बघून लोकांना वाटतं, हेच का ते गाव? नाही. जुनं गाव तिथून साधारण दोन किलोमीटर खाली उतारावर आहे. ‘चार्शी’ एवढं म्हणा, पुढची मिनीबस कोणीही दाखवेल. भाड्यासाठी सुट्टे लिरा जवळ ठेवा.

चाकांची मोठी बॅग आणू नका. चार्शीतल्या गल्ल्या ओबडधोबड दगडांनी फरसबंद केलेल्या आहेत, चढ तीव्र आहेत आणि पुष्कळ ठिकाणी गाडी दारापर्यंत जात नाही. पावसाचं पाणी मधून वाहून जावं म्हणून गल्लीच्या दोन्ही कडा मध्याकडे उतरत्या ठेवल्या आहेत. म्हणजे दगड ओला असताना कडेने चालणारा घसरतो. खाचदार रबरी तळाचे बूट आणि पाठीवरची पिशवी, एवढं पुरे.

मुक्काम कुठे करावा

चार्शीतच, जुन्या कोनाकमध्ये. कोनाक म्हणजे मोठा वाडा. त्यातले कितीतरी आता राहण्याच्या जागा झाले आहेत. खोली ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. न्हाणीघर कपाटात आहे का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण जुन्या घरांत प्रत्येक खोलीच्या भिंतीतल्या लाकडी कपाटात ‘गुसुलहाने’ म्हणजे अंघोळीची छोटी जागा असायची. आज तिथेच शॉवर आणि शौचालय बसवलेलं असतं. उंबरा उंच, दार बुटकं, आत वळायला जागा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. दुसरं, खोली कोणत्या मजल्यावर आहे? जिने लाकडी आणि खडे असतात. तिसरं, थंडीत जाणार असाल तर गरम करण्याची सोय काय? वरच्या मजल्याची छतं उंच, खिडक्या भरपूर. मेमध्ये हे सुख, जानेवारीत शिक्षा.

दारात बूट काढायचे. हे आपल्याला सांगावं लागत नाही.

जिन्जी हान या 1640 च्या दशकातल्या दगडी कारवानसरायमध्येही, म्हणजे काफिल्यांच्या मुक्कामाच्या सरायमध्येही, आज हॉटेल आहे. (हे नाव तामिळनाडूतल्या जिंजीचं नव्हे. उस्मानी सुलतान इब्राहिमच्या दरबारात जिन्न उतरवणारा म्हणून चढलेला जिन्जी होजा इथला. 1648 मध्ये सुलतान गेला तसा तोही मारला गेला. सराय आणि हमाम मात्र राहिले.) तिथे राहिला नाहीत तरी आतला चौक बघून या.

पहिली संध्याकाळ: टेकडीवरून नकाशा वाचा

सूर्य मावळायच्या तासभर आधी हिदिरलिक टेकडीवर चढा. चार्शीच्या चौकातून पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे. वर गेल्यावर एक गोष्ट मुद्दाम बघा: कुठलंही घर दुसऱ्याच्या खिडकीसमोर आडवं उभं नाही. उतारावर एकामागे एक घरं असूनही मागच्याला समोरचं मोकळं दिसतं. शेजाऱ्याचं दृश्य अडवायचं नाही, हा इथला जुना शिरस्ता. टेकडीवरूनच किल्ल्याच्या उंचवट्यावरची पिवळसर सरकारी इमारत, तिच्याजवळचा घड्याळाचा मनोरा, खाली जिन्जी हानचा चौकोन, हमामचे घुमट आणि दोन मोठ्या मशिदी ओळखून ठेवा. 1660 च्या दशकातली ती कोप्रुलू मेहमेत पाशाची, 1796 ची इज्जेत मेहमेत पाशाची. दुसरी मशीद ओढ्यावर कमानी टाकून बांधली आहे. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन त्या कमानीखालून वाहणारं पाणी जरूर बघा.

हे गाव टिकलं कसं, तेही इथूनच समजतं. गेरेदेहून कास्तामोनू आणि पुढे काळ्या समुद्रावरच्या सिनोपला जाणारा काफिल्यांचा रस्ता या घळीतून जायचा. कातडं कमावणं, जोडे, लोखंडकाम यांवर गाव श्रीमंत झालं. मग रस्ते बदलले, आणि 1937 साली शेजारी काराबुकला सरकारी पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. माणसं आणि पैसा तिकडे वळला. नवं बांधकाम काराबुकला झालं, त्यामुळे चार्शीत जुनं पाडायची कोणाला गरजच पडली नाही.

दुसरा दिवस: सकाळ बाजाराची, नंतर घर

सातला बाहेर पडा. येमेनीजिलेर अरास्तासी ही चपट्या चामडी जोड्यांची, म्हणजे येमेनींची जुनी पेठ तेव्हा रिकामी असते. लाकडी फळ्यांची बुटकी दुकानं, वर द्राक्षवेल. आता तिथे बहुतेक भेटवस्तू आणि चहा आहे. खरं चालतं काम बघायचं तर नऊनंतर लोहारांच्या गल्लीत, देमिरजिलेर चार्शीसीत जा. कड्या, कुलपं, दारावरच्या ठोकण्या अजून हातोड्यावर घडतात. वजनाला हलकी आणि इथलीच म्हणता येईल अशी वस्तू हवी असेल तर दाराची ठोकणी घ्या. काही जुन्या दारांवर दोन ठोकण्या दिसतील, एक जाड आवाजाची आणि एक बारीक. पुरुष पाहुणा जाडी वाजवायचा, बाई बारीक. दार कोणी उघडायचं ते आत आवाजावरून ठरायचं.

दहाच्या सुमारास, गर्दी यायच्या आत, काय्माकामलार एवी या घर-संग्रहालयात जा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे घर इथल्या लष्करी छावणीच्या प्रमुखाचं होतं. एक घर नीट बघितलं की बाकीची गल्लीतून वाचता येतात, म्हणून इथे तासभर द्या. बघायचा क्रम खालून वर.

तळमजला दगडी, जवळजवळ आंधळा. त्याला ‘हायात’ म्हणतात. जनावरं, सरपण, मोठी हंडी-घंगाळं इथे. रस्त्याकडचा कोपरा खालच्या बाजूने छाटलेला दिसेल. लादलेलं जनावर अरुंद गल्लीत वळताना अडकू नये म्हणून. वरचा मजला मात्र पूर्ण चौकोनी करून बाहेर काढलेला असतो, कारण हवेत जागा फुकट.

मधला मजला बुटका. छत खाली असल्याने लवकर ऊब धरतो, म्हणून हिवाळ्यातली वावराची जागा आणि स्वयंपाक इथे. सगळ्यात वरचा मजला उंच, उजेडाचा. त्याच्या मधोमध ‘सोफा’ नावाची मोकळी जागा आणि सगळ्या खोल्यांची दारं तिच्यात उघडतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरातला सोपा आठवा, नावही जवळचं आणि उपयोगही. खोलीत शिरलात की खिडक्यांखाली भिंतीलगत बसायची पक्की बैठक दिसेल, तिला सेदिर म्हणतात. समोर शेगडीची कोनाडेवजा चूल आणि एका बाजूला पूर्ण भिंतभर कपाटं. दिवसा गाद्या त्या कपाटात जायच्या, रात्री जमिनीवर यायच्या. म्हणजे प्रत्येक खोली हे एका जोडप्याचं पूर्ण घरच होतं. बसणं, जेवणं, झोपणं, अंघोळ, सगळं एका खोलीत. एकत्र कुटुंबात प्रत्येक मुलाला लग्नानंतर एक खोली.

सगळ्यात हुशारीची वस्तू म्हणजे ‘दोन्मे दोलाप’, फिरतं कपाट. बायकांची बाजू हारेमलिक आणि पाहुण्या पुरुषांची सेलामलिक, यांच्या मधल्या भिंतीत ते बसवलेलं असतं. आतून ताटं ठेवून कपाट फिरवलं की जेवण पलीकडे जातं आणि कोणी कोणाला दिसत नाही. काही श्रीमंत घरांत खोलीच्या आत मोठा पाण्याचा हौदही आहे. त्यामुळे गारवा राहतो, आगीच्या वेळी पाणी हाताशी असतं आणि पाण्याच्या आवाजात बोलणं भिंतीपलीकडे ऐकू जात नाही. हे बघायचं तर हावूझलू आस्माझलार कोनाकमध्ये विचारा. तिथेही हॉटेल आहे.

भिंती आतून लाकडी चौकट आणि मधे कच्च्या विटा अशा आहेत. या बांधणीला हिमिश म्हणतात. चौकट थोडी हलते म्हणून भूकंपात घर एकदम कोसळत नाही, पण गिलावा पडून पाणी मुरलं तर लाकूड लवकर जातं. वापरात नसलेल्या घरांच्या भिंती पोट काढून उभ्या दिसतात त्या याच कारणाने. असल्या घरांच्या खाली उभं राहून फोटो काढू नका.

किल्ल्यावरची जुनी सरकारी इमारत आता गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. मागचा घड्याळाचा मनोरा 1797 चा. सोमवारी संग्रहालयं बंद असू शकतात, म्हणून दोन दिवसांपैकी घरं बघायचा दिवस सोमवार नको.

दुपारी गर्दी वाढली की वर बाऽलारला जा. इथे बघायला तिकिटाचं काही नाही. झाडं, लांब दगडी कुंपणं आणि मागे सरकून उभी असलेली घरं आहेत. खालची घरं एकमेकांना खेटून, वरची अंतर राखून. हा फरक पायी चालून अंगावर घेतलात की गावाची दोन ऋतूंची मांडणी समजते.

हमाम

संध्याकाळ जिन्जी हमामला द्या. पुरुष आणि स्त्रियांचे भाग वेगळे आहेत. जेवून लगेच जाऊ नका, दोन तास जाऊ द्या. आत गेल्यावर पेश्तेमाल नावाचा सुती पंचा मिळतो, तो कमरेला गुंडाळायचा. पुरुषांनी तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. आतून अंतर्वस्त्र ठेवलेलं बरं. मधल्या गरम संगमरवरी कट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं पडून राहा. घाई करणारे इथेच चुकतात. कातडी नीट मऊ झाली नाही तर पुढचं घासणं नुसतं बोचतं. मग केसे, म्हणजे खरखरीत हातमोज्याने घासणं, त्यानंतर साबणाचा फेस. भिंतीलगतच्या दगडी कुंडीतलं पाणी वाटीने काढून अंगावर घ्यायचं. साबणाचा एक थेंबही त्या कुंडीत पडू द्यायचा नाही, हात बुडवायचा नाही. इथे हा सगळ्यात मोठा गैरशिस्तीचा प्रकार मानतात. बाहेर आल्यावर अर्धा तास बसा, पाणी किंवा चहा प्या. घासणाऱ्याला बक्षिसी वेगळी द्यायची असते.

खाणं, विशेषतः मांस न खाणाऱ्यांसाठी

गावाचं नावाजलेलं खाणं म्हणजे खड्ड्यातलं कोकराचं भाजलेलं मांस, कुयू केबाबी. न खाणाऱ्यांचीही उपासमार होत नाही, फक्त विचारावं लागतं. ‘एत येमियोरुम’ म्हणजे मी मांस खात नाही. एवढ्याने भागत नाही, कारण मसुरीच्या सारात कोंबडीचं पाणी असतं आणि ते मांस धरत नाहीत. म्हणून पुढे विचारा, ‘तावुक सुयू वार मं?’ पेरुही या उकडलेल्या घडीच्या पिठाच्या पदार्थात बहुधा चीज असतं आणि वरून लोणी-अक्रोड. जेविझली यायिम म्हणजे अक्रोड घातलेल्या घरगुती शेवया. दोन्हींच्या पिठात अंडं असू शकतं, ‘युमुर्ता’ हा शब्द ध्यानात ठेवा. बुक्मे या भाजलेल्या घडीत पालकाबरोबर खिमा असण्याची शक्यता जास्त. बटाटा किंवा चीज भरलेली गोझलेमे ही तव्यावरची पोळी सगळ्यात निर्धोक.

लोकुम विकत घेताना जिलेटिनची धास्ती असते. पारंपरिक लोकुम साखर आणि स्टार्चचं असतं, त्यात जिलेटिन नसतं. तरी ‘जेलातिन वार मं?’ विचारा. दुकानदार चव द्यायला हातात तुकडा ठेवतो, संकोच करू नका. बोटाने दाबल्यावर तुकडा परत वर आला पाहिजे आणि चावताना दातांना चिकटून राहता कामा नये. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल सुटून चिकट होतं. झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा.

केशर: कुठे फसतात

फुलं बघायची असतील तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच जा. काश्मीरमधल्या पांपोरचा मोसम तोच. दावुतोबासी गावाच्या शेतांत जांभळी फुलं दिसतात. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत, म्हणून दहाला पोचलेल्याला रिकामं शेत दिसतं. आसपासच्या माळावर तशाच दिसणाऱ्या जांभळ्या फुलांना हात लावू नका. ती रानटी कोल्चिकम असू शकतात आणि ती विषारी असतात. खऱ्या केशराच्या फुलात पुंकेसर तीन, कोल्चिकममध्ये सहा. मोजा.

साधारण दीडशे फुलांमागे एक ग्रॅम वाळलेलं केशर मिळतं. इथलं पीक अगदी थोडं आहे. त्यामुळे पोत्यात उघडं, मुठीने विकायला ठेवलेलं ‘सफ्रान’ केशर नसतंच. तुर्की बाजारांत त्या नावाने जे ढिगाने विकतात ते आस्पिर, म्हणजे आपली करडई. सोलापूरकडच्या माणसाला तर पाकळ्या बघताच ओळखू येईल. आणि ‘हिंत सफ्रानी’, हिंदी केशर, म्हणून जी पिवळी पूड देतात ती हळद. हळद घ्यायला तुर्कस्तानात जाण्याचं कारण नाही.

पारख अशी करा. काडी एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली हवी. करडईची पाकळी सुटी, सुरकुतलेली नळी असते. कोमट पाण्यात दोन काड्या टाका. खरं केशर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू सोनेरी पिवळं पाणी करतं आणि काडी स्वतः लालच राहते. लगेच लाल किंवा नारिंगी रंग सुटला तर ते रंगवलेलं. भिजलेली काडी बोटांत चोळा, डाग पिवळा यायला हवा. चव कडसर, गोड अजिबात नाही. गोड लागलं तर वजन वाढवायला साखर किंवा मध लावलेला आहे. कागदात दाबून तेलकट डाग पडला तरी नको. पूड कधीच घेऊ नका. शेवटचा प्रश्न, ‘येर्ली मी, इरान मं?’, म्हणजे इथलं की इराणचं? इराणचं केशरही खरंच असतं आणि स्वस्त पडतं. मात्र इथलं म्हणून इथल्या भावाने ते घेऊ नका. एक ग्रॅम पुष्कळ झालं.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

टॅक्सीशी थांबण्यासकट भाडं आधी ठरवून इन्जेकाया जलवाहिनीकडे जा. दरीवरची ही कमानींची भिंत इज्जेत मेहमेत पाशाच्याच काळातली. माथा अरुंद आणि कठडा नाही, म्हणून तिच्यावर पाऊल ठेवू नका. जवळच दरीवर सुमारे 80 मीटर उंचीवर काचेचा सज्जा आहे. खाली तोकातली दरीत लाकडी पायवाट आहे. उतरणं सोपं, चढून येताना दम लागतो. वेळ एकाच जागेला असेल तर त्याऐवजी योरुक कोयू निवडा. कास्तामोनूच्या रस्त्यावरचं हे बेकताशी या सूफी पंथाच्या परंपरेचं छोटं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक धुणीघरात बारा कोनांचा मोठा दगडी ओटा आहे, आणि बारा हा आकडा बारा इमामांचा. शेजारी पाणी तापवायच्या चुली आहेत. आमची पसंती यालाच.

घरी आल्यावर झेर्दे

नावावरून ओळखलं असेल, हा जर्द्याचा सख्खा भाऊ. पण आपल्या केशरीभातासारखा मोकळा नाही, खिरीसारखा आळलेला. त्यात दूध किंवा तूप नसतं. केशराच्या पंधरा-वीस काड्या अर्धी वाटी कोमट पाण्यात तासभर भिजवा. अर्धी वाटी बुटका, चिकट होणारा तांदूळ धुऊन पाच वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवा. आंबेमोहोर चांगला, बासमती नको, तो आळत नाही. भात शिजल्याशिवाय साखर घालायची नाही, नाहीतर दाणा टणक राहतो. मग एक वाटी साखर, पाच मिनिटांनी केशराचं पाणी काड्यांसकट. दोन चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून, एका हाताने ढवळत बारीक धारेने सोडा. दोन-तीन उकळ्या आल्या की उतरवा. गरम असताना पातळच वाटतं, म्हणून पीठ वाढवायचा मोह होतो. तो आवरा, गार झाल्यावर आपोआप आळतं. वाट्यांत ओतून पूर्ण गार करा आणि वरून काळे मनुके आणि डाळिंबाचे दाणे घाला.